चोपन्न लिटरची हद्द

आमच्या लायडनच्या घराचा जिना इतका उभा आहे, की घर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आईनं फोनवर विचारलं होतं, "अगं, हा जिना आहे का शिडी?" त्याच जिन्यावरून गेल्या वर्षी नवऱ्यानं आणि मी काचेची एक रिकामी पेटी वर चढवली. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच. भरली की चोपन्न लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन चोपन्न किलो, वर काच, वाळू, दगड. जुन्या घराच्या लाकडी जमिनीवर फार विसंबायला नको म्हणून ती भिंतीला लागून, तुळयांना आडवी ठेवली.

हट्ट लेकीचा. ती नऊ वर्षांची. तिच्या अटी दोन: मासे रंगीत हवेत आणि हुशार हवेत. रंगीत मासे कुठेही मिळतात. हुशारीची अट घातली की दुकानदार जवळजवळ नेहमी एकाच कुळाकडे बोट दाखवतो. ते कूळ म्हणजे सिक्लिड.

नाव परकं वाटलं, तरी हे कूळ आपल्या ताटात केव्हाच आलेलं आहे. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. उजनीच्या फुगवट्याच्या काठानं, भिगवणच्या हॉटेलांत जी चिलापी तळून मिळते, ती म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया हा सिक्लिड. मूळचा आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. गोव्यातल्या खाजणांत मिळणारा कालुंदर हाही सिक्लिडच, पण तो इथलाच, कुणी आणलेला नव्हे. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि २०१० साली त्याला राज्यमाशाचा मान मिळाला. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती तीनच: कालुंदर, कर्नाटकातला त्याचा सख्खा भाऊ आणि बोटभर लांबीचा नारिंगी क्रोमाइड. जगात मात्र सतराशेहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. बहुतेक माशांच्या नाकाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन भोकं असतात. सिक्लिडच्या नाकाला एका बाजूला एकच. खरी करामत मात्र आत, घशात. तिथे जबड्याची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा धरतो, मागचा दळतो. तोंडात चिमटा आणि घशात जातं असल्यासारखं. एकाच कुळातले मासे शेवाळ खरवडणारे, गोगलगायी फोडणारे, दुसऱ्याची पिल्लं गिळणारे असे कशावरही जगायला शिकले, त्यामागे हा दुसरा जबडा आहे.

हुशारी मात्र वेगळ्या जागी दिसते. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड थांबतात. जागा साफ करतात, अंड्यांवर परांनी वारा घालतात, पिल्लांना राखतात, काही जाती तर ती तोंडात घेऊन हिंडतात. नारिंगी क्रोमाइडची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. ज्याला पोरंबाळं राखायची त्याला जागा राखावी लागते, आणि जागा राखायची तर भांडण आलंच. म्हणजे जे पाहून आपण सिक्लिडवर भुलतो, तेच छोट्या पेटीत आपल्या जिवावर उठतं. हे मला आधी कळायला हवं होतं.

*

मासा बघत बसण्याचा नाद लायडनला जुना आहे. गेल्या शतकाच्या तिशीत इथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत निको टिनबर्गेन शिकवत होते. त्यांच्या खिडकीशी काचेच्या पेट्यांची रांग असे. त्यांत नदी-कालव्यांतून पकडून आणलेले काटेरी पाठीचे, बोटाएवढे स्टिकलबॅक मासे. वसंतात नराचं पोट लालभडक होतं, तो वनस्पतींचं घरटं बांधतो आणि दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर तुटून पडतो. एक दिवस दिसलं, की सगळे नर एकाच वेळी खिडकीच्या दिशेनं धावतायत. बाहेरच्या रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी चालली होती.

टिनबर्गेननी मग मेणाच्या प्रतिमा करून पाहिल्या. हुबेहूब माशासारखी, पण लाल पोट नसलेली प्रतिमा नर फारशी मनावर घेत नसे. आणि माशासारखा आकारही नसलेला, खाली नुसता लाल रंग फासलेला गोळा दिसला की मात्र चाल करून जाई. म्हणजे त्याच्या लेखी समोरचा मासा महत्त्वाचा नव्हता, त्याचा लाल रंग महत्त्वाचा होता. पुढे १९७३ साली टिनबर्गेनना नोबेल मिळालं, कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्या जोडीनं. त्यांचे विद्यार्थी खेरार्ड बेरेंट्स यांनी पत्नीसोबत सिक्लिडांच्या वागणुकीचा पाया घालणारा मोठा प्रबंध लिहिला. तो १९५० साली लायडनच्याच ब्रिल या जुन्या प्रकाशनसंस्थेनं छापला. सिक्लिड पट्टे कधी गडद करतो, परं कधी फुलवतो, तोंडाला तोंड लावून कधी झुंजतो, याची ती बाराखडीच म्हणायची.

लेकीला मी टपालगाडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मासे रंग बघून ठरवतात. मग आपण का नाही?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आम्ही रंग बघूनच ठरवलं.

*

दुकानात एका पेटीत रॅमिरेझी होते. निळ्या ठिपक्यांचे, सोनेरी डोक्याचे, डोळ्यातून काळी रेघ गेलेले, पाच-सहा सेंटिमीटरचे. मूळ गाव व्हेनेझुएला आणि कोलंबियातली ओरिनोको नदीची गवताळ मैदानं. छोट्या पेटीसाठी उत्तम म्हणून सगळीकडे नाव घेतलं जातं, आणि आकार नि स्वभाव बघितला तर ते खोटंही नाही. दुकानदारानं पेटी, गाळणी, हीटर आणि माशांची जोडी, सगळं एकाच दिवशी बांधून दिलं. नवव्या दिवशी मादी तळाशी आडवी. अकराव्या दिवशी नर.

चुका दोन झाल्या होत्या. दोन्ही रंगानं झाकल्या होत्या.

पहिली चूक पाण्याच्या वयाची. मासे अमोनिया टाकतात. गाळणीत एक प्रकारचे जिवाणू वसले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सोसवणारं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही काचेसारखं नितळ दिसलं तरी ते कच्चं असतं. विरजण न लावता पातेल्यात दूध ठेवायचं आणि सकाळी दही शोधायचं, तसला प्रकार.

दुसरी चूक पाण्याच्या जातीची. रॅमिरेझीला हवं मऊ, किंचित आम्ल आणि कोमट, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वरचं पाणी. लायडनच्या नळाला येणारं पाणी मास नदीचं. ते कातवाइकच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवून, गाळून इथवर येतं. नेदरलंड्समध्ये ते क्लोरीनशिवाय पुरवतात, हे एक मोठं सुख. पुण्या-मुंबईत नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवा किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाका, ही उठाठेव इथे नाही. पण हे पाणी अल्कधर्मी. माझी चाचणीची पट्टी सामू आठच्या आसपास दाखवते. म्हणजे ओरिनोकोचा पाहुणा आम्ही त्याला न मानवणाऱ्या, वर न मुरलेल्या पाण्यात सोडला होता.

सामू उतरवायची औषधं मिळतात. पण ती टाकत राहिलं की सामू रोज वरखाली हलत राहतो, आणि माशाला चुकीच्या आकड्यापेक्षा हलता आकडा जास्त बाधतो. त्यामुळे पहिला नियम असा, आणि तो कळायला दोन जीव गेले: आपल्या नळाला कसलं पाणी येतं ते आधी बघा. मग त्या पाण्याचा मासा शोधा.

*

मधल्या रिकाम्या पेटीच्या दिवसांत मी लायडनच्या आणखी एका गोष्टीच्या मागे लागले.

१९७७ साली इथल्या विद्यापीठातले काही जीवशास्त्रज्ञ टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या म्वान्झा आखातावर गेले. फ्रान्स विटे हे त्यांतले प्रमुख नाव. त्यांच्या पथकाचं नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हेस्ट’ पडलं. अभ्यासाचा विषय होता स्थानिक लोक ज्यांना ‘फुरू’ म्हणतात ते छोटे सिक्लिड. अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरहून मोठं, पण जेमतेम ऐंशी मीटर खोल असं हे सरोवर. त्यात फुरूंच्या पाचशेच्या आसपास जाती असाव्यात असा अंदाज. सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी आटलं होतं असं तळातला गाळ सांगतो. म्हणजे आजची ही सगळी विविधता, भूशास्त्राच्या हिशेबात, कालपरवाची. सापडलेल्या एका नव्या जातीच्या नराचं अंग लालभडक आणि पिवळं होतं. विटे पती-पत्नींनी १९८५ साली तिला टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलं.

पथक मोजदाद करत असतानाच मासे संपायला लागले. १९५०च्या दशकात सरोवरात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला होता. दोन मीटरपर्यंत वाढणारा, दोनशे किलोपर्यंत भरणारा. काही दशकं तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र त्याची संख्या एकदम उसळली, आणि ज्या जाळ्यांत फुरू भरभरून येत त्या जाळ्यांत ते दिसेनासे झाले. सुमारे दोनशे जाती गेल्या असाव्यात असा अंदाज मांडला जातो. दोष एकट्या पर्चचा नव्हे. शेतीची खतं, काठावरची जंगलतोड, सांडपाणी यांनी पाणी गढूळ झालं, तळाचा प्राणवायू घटला. एक साखळी तर कुणाच्या ध्यानातही नव्हती. फुरू उन्हात वाळवता येत. पर्च तेलकट, त्याला धुरी द्यावी लागते. धुरीला लाकूड लागतं. लाकडासाठी पुन्हा काठावरचीच झाडं गेली.

पथकातले टाइस गोल्डश्मिट यांनी हे सगळं १९९४ साली डच भाषेत पुस्तकरूपानं लिहिलं, ते पुढे इंग्रजीतही आलं. जमवलेले फुरू आज लायडनच्या नॅचरालिस संग्रहालयात अल्कोहोलाच्या बरण्यांत आहेत, चार कोटींहून अधिक नमुन्यांच्या त्या भांडारात. त्यांतल्या काही जाती आता बहुधा बरणीतच भेटायच्या.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. लायडनमध्येच संशोधन करणाऱ्या ओले झेहाउझेन यांनी सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत फुरू माद्यांसमोर दोन प्रकारचे नर ठेवले: एक लाल, एक निळा. दोघांची अंगलट अगदी जवळची. साध्या उजेडात माद्या आपापल्या जातीचा नर बिनचूक निवडत. मग दिव्यांचा रंग असा एकसुरी नारिंगी केला की लाल-निळ्यातला फरकच मिटला. माद्यांची निवडही मिटली. त्या कुठल्याही नराला हो म्हणू लागल्या. सरोवरात तेच घडत होतं. जिथे पाणी गढूळ, तिथे नरांचे रंग फिके आणि जाती कमी. ही गोष्ट १९९७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. म्हणजे मासे नुसते खाल्ले गेले नाहीत. काही एकमेकांना ओळखेनासे होऊन परस्परांत विरघळले.

"रंग मादीनं बघायचा असतो," मी लेकीला सांगितलं. "तिला त्यातून काहीतरी कळतं. आपल्याला नुसतंच छान वाटतं."

"मग आपण काय बघायचं?"

"त्याला काय लागतं ते."

*

मग आम्ही वही काढली आणि एकेक नाव खोडत गेलो.

ऑस्कर पहिल्याच फटक्यात गेला. दुकानात तो पाच सेंटिमीटरचं गोजिरवाणं पिल्लू असतो, दीड-दोन वर्षांत तीस सेंटिमीटरचा. फ्लॉवरहॉर्न, आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या उत्साहानं कित्येक दिवाणखान्यांत आणि गल्ल्यांच्या मागे ठेवलेला, कपाळावर टेंगूळ असलेला मासा, निसर्गात अस्तित्वातच नाही. तो माणसानं केलेला संकर. त्याला एकट्यालाच दोन-तीनशे लिटर लागतात आणि सोबत कुणी खपत नाही. मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे दिसायला सगळ्यांत देखणे. पण त्यांना छोट्या पेटीत दोघा-तिघांत ठेवलं की दुबळ्याला पळायला जागा उरत नाही. एंजल हाही सिक्लिडच, त्याला उंची हवी. तीस सेंटिमीटरच्या पेटीत त्याची परं मुडपतात. आणि लायडनचा लाडका लाल न्येरेरे? लांबी दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, पण नर इतका हट्टी, की दोनशे लिटरखाली त्याचा विचारही नको. ज्या गावानं त्याला नाव दिलं त्या गावातल्या आमच्या पेटीत तो येणार नव्हता.

उरले चार.

ॲपिस्टोग्रामा, दक्षिण अमेरिकेतले बुटके सिक्लिड. एक नर, एक-दोन माद्या, वाळलेली पानं, नारळाच्या करवंटीची गुहा, एवढ्यात खूश. पण पाणी मऊ हवं, म्हणून आमच्याकडे बाद. महाराष्ट्रात पावसाचं पाणी साठवणाऱ्याला किंवा आरओचं पाणी मिसळणाऱ्याला मात्र हा मासा जमू शकतो.

क्रिबेन्सिस, पश्चिम आफ्रिकेतला. मादी लहान, नर दहा सेंटिमीटरचा. यात विणीच्या काळात लाल पोट मादीचं होतं. टिनबर्गेनच्या खिडकीत ही असती तर टपालगाडीचा प्रयोग कसा झाला असता कोण जाणे. पाण्याच्या बाबतीत सोशीक. मात्र सामू बदलला तर पिल्लांतलं नर-मादी प्रमाण बदलतं, आम्ल पाण्यात नर जास्त. नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाचा. पण त्याला ऐंशी लिटर असलं तर बरं. चोपन्नात एक जोडी राहील, तिची पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न पहिल्याच विणीला उभा राहतो.

आपला नारिंगी क्रोमाइड. लेकीला नाव ऐकूनच आवडला आणि मलाही आपला म्हणून ओढ वाटली. पण त्याला सोबत पाच-सहा जणांची लागते, म्हणजे शंभर लिटरच्या वरची पेटी. भारतातल्या एखाद्याला मोठी पेटी परवडत असेल तर मी हाच सुचवीन.

चौथा दिसायला अगदीच सुमार. फिकट अंगावर उभ्या तपकिरी रेघा, नर साडेचार सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, पाळणारे लाडानं ‘मल्टी’ म्हणतात. सिक्लिडांमधला सर्वांत छोटा म्हणून ओळखला जातो. गाव टांगानिका सरोवर, व्हिक्टोरियाचं शेजारी, पण सुमारे चौदाशे सत्तर मीटर खोल. तिथल्या तळावर मेलेल्या गोगलगायींच्या शंखांचे थर असतात. एका शंखात एक मासा. भीती वाटली की शंखात, झोपायला शंखात, अंडी शंखात. पिल्लं मोठी झाली तरी लगेच घर सोडत नाहीत, शेजारचा शंख धरतात. एकत्र कुटुंब. आणि प्रत्येकाची हद्द वीतभर.

टांगानिकाचं पाणी कठीण आणि अल्कधर्मी, सामू नऊच्या आसपास. आमचा नळ त्याच दिशेचा. वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळला की उरलेलं अंतरही बरंच भरून निघतं. ज्याला नळाच्या पाण्याशी रोज झगडावं लागणार नाही असा मासा मिळाला होता. फक्त तो रंगीत नव्हता.

*

या वेळी आधी पाणी मुरवलं. शेजारच्या आजोबांकडे वीसेक वर्षांची जुनी पेटी आहे. मी त्यांच्याकडे गाळणीतला स्पंज पिळायला मागितला. तपकिरी गढूळ पाणी वाटीत घेऊन त्या उभ्या जिन्यावरून परत येताना मला माहेरची आठवण आली; संध्याकाळी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला जायचो, तीच वाटी, तोच सांभाळून चालणं. चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात कुजू दिलं. दर तीन दिवसांनी चाचणी. पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

तळाला सहा सेंटिमीटर बारीक वाळू. शंखांसाठी खाद्यपदार्थांच्या दुकानातून फ्रेंच गोगलगायींचे रिकामे शंख आणले. ते उकळून, धुऊन वीस मांडले. माशांपेक्षा शंख दुप्पट-तिप्पट हवेत. मग सहा पिल्लं, एवढीच. सोबतीला दुसरं कुणी नाही.

पहिले दोन दिवस पेटी रिकामी वाटली. तिसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली आणि ओरडली, "आई, सगळं हललंय!" सरळ मांडलेली वाळू आता खळगे-टेकड्यांची झाली होती. एवढासा नर तोंडात वाळू भरून घेई, दोन बोटं लांब नेऊन थुंके, परत येई. शंखाच्या एका बाजूची वाळू उपसून, तो कलता करून, पुरून, फक्त तोंड वर राहील असा बसवी. दोन शंखांमध्ये त्यानं वाळूचा बांध घातला. पलीकडचा मासा त्या बांधाशी आला की दोघे तोंड वासून उभे राहत आणि मग आपापल्या बाजूला जात. बेरेंट्स दांपत्याच्या प्रबंधातली अक्षरं मला पहिल्यांदा जिवंत वाचायला मिळाली.

महिन्याभरात लेकीनं विचारलं, "आता एक कॅटफिश आणूया? फक्त एक, तळ साफ करायला." दुकानातही हेच सुचवतात. मी तिच्याशी नाइल पर्चबद्दल बोलले. तोही कुणीतरी चांगल्या हेतूनंच सोडला होता. चोपन्न लिटरच्या पेटीत ‘फक्त एक’ असं काही नसतं; शंखाच्या तोंडाशी झोपणाऱ्या पिल्लांना रात्री हिंडणारा कॅटफिश दिसला नाही तरी त्याला ती दिसतात. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवर तिनं चिठ्ठी चिकटवली, मराठी आणि डच दोन्हीत: "जागा नाही."

दिवाळीच्या आठवड्यात इथे साडेपाचला अंधार पडायला लागला होता. खिडकीत पणत्या, भिंतीशी पेटीचा दिवा. आईचा फोन आला. तिला आधीच कळलं होतं की आम्ही एवढा खटाटोप करून तपकिरी मासे आणलेत.

"एवढे बारके?" ती म्हणाली. "चिलापी तरी पाळायची. कालवण तरी झालं असतं. आणि रंगीत कुठं आहेत गं यातले?"

"रंगीत नाहीयेत, आजी. थांब, बघ." लेकीनं फोन काचेला टेकवला.

नर वाळू उपसत होता. तोंडभर उचलायची, बांधावर टाकायची, मागे सरून बघायचं, पुन्हा जायचं. फोनमधून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तिकडे अंगणात भाच्यांनी माती कालवली होती, त्यांची हाक मात्र ऐकू आली.

"अगं," आई शेवटी म्हणाली, "हा तर किल्ला करतोय."